लढाईनं तोडलेली माणसं शोधताना: कोकणातल्या घरांसाठी

दापोली तालुक्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. सातबारा, पॅन कार्ड, शिष्यवृत्तीचे अर्ज हे रोजचं काम. बारा-तेरा वर्षांपूर्वी पलीकडच्या गावचे एक काका जुना कागद घेऊन आले. चारही घड्यांवर तुटायला आलेला, वर रेड क्रॉसचा छाप, खाली इंग्रजीत टाइप केलेल्या तीन ओळी. "वडलांच्या ट्रंकेत सापडला, कशाचा आहे बघ," म्हणाले. त्यांच्या चुलत्यांनी सिंगापूरहून १९४३ साली धाडलेला निरोप होता तो. मी सुखरूप आहे, काळजी करू नका, आईची खुशाली कळवा. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या ताब्यातल्या मुलखातून असे निरोप येत. पंचवीस शब्दांची मर्यादा असे आणि कागदाची मागची बाजू उत्तरासाठी मोकळी ठेवलेली असे. त्या घरात इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं. मागची बाजू कोरीच राहिली.

काका बाकावर कितीतरी वेळ बसून होते. तेव्हापासून मी या कामात पडलो. फी घेत नाही. माझ्या स्वतःच्या घरातही एक माणूस कराचीत हरवलेलं होतं, ते पुढे येईलच. ज्यांनी नुकतंच शोधायचं मनावर घेतलंय आणि हात कुठून घालावा ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

कोकणातलं माणूस समुद्रानं गेलं. कुणी रंगूनला, कुणी सिंगापूरला, कुणी कराचीच्या गोदीत, कुणी बोटीवर खलाशी, कुणी पलटणीत, पुढच्या पिढीत कुवेत. त्यामुळे लढाई जगात कुठेही होवो, इथल्या एखाद्या वाडीत पत्र यायचं थांबायचंच.

आधी म्हातारी माणसं, मग इंटरनेट

शोधायचं ठरलं की मुलं पहिल्यांदा फेसबुकवर नाव टाकून बघतात. थांबा. घरात, भावकीत, माहेरच्या गावात ऐंशीच्या पुढचं कोण आहे ते बघा आणि त्यांच्याकडे जा. इंटरनेट पुढच्या वर्षीही असेल.

विचारायची रीत असते. "त्यांचं पूर्ण नाव काय, जन्मतारीख काय" असं सरकारी विचारलं की म्हातारं माणूस गप्प होतं. पडवीत बसा, आजी तांदूळ निवडत असेल तर तुम्हीही दोन मुठी निवडा आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून, तसं सांगून, गप्पा सुरू करा. साल विचारू नका, प्रसंग विचारा. रामदास बोट बुडाली तेव्हा तो इथे होता का? म्हणजे १७ जुलै १९४७ च्या आधी की नंतर ते कळतं. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्याचं पत्र येत होतं का? तो ११ डिसेंबर १९६७. गावात एसटी आली तेव्हा, थोरल्या आत्याचं लग्न झालं तेव्हा, गांधीजींना मारलं तेव्हा. अशा चार-पाच प्रसंगांच्या मधे माणसाला बसवलं की काळ बऱ्यापैकी पक्का होतो.

नावं सगळी लिहा: शाळेतलं, घरातलं, वाडीतलं टोपणनाव, बापाचं, आज्याचं, आईचं माहेरचं. बाहेर गेलेल्या माणसाचं आडनाव टिकतंच असं नाही. बोटीवर किंवा गोदीत भरती करणाऱ्या कारकुनानं गावाचं नाव आडनाव म्हणून लावलं, किंवा बापाचंच नाव शेवटी आलं, अशी कितीतरी उदाहरणं मी पाहिलीत. गाव आणि वाडी मात्र माणूस मरेपर्यंत सांगत राहतो. म्हणून शोध नावानं कमी आणि गावानं जास्त लागतो, हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवा. अंगावरची खूणही विचारा: भाजल्याचा डाग, तुटलेलं बोट, लंगडणं.

मग ट्रंक, पेटी, बिस्किटाचा डबा, देवघरामागचा कोनाडा. पत्रं सापडली तर आधी मोबाइलवर फोटो काढा, दोन्ही बाजूंचे, पाकिटाचेही. पाकिटं लोक फेकतात आणि खरा माल पाकिटावरच असतो: पोस्टाचा गोल शिक्का, त्यावरची तारीख आणि ऑफिसचं नाव. शिक्का पुसट असेल तर मोबाइलचा टॉर्च कागदावर आडवा धरा, सरळ नको. दाबाच्या खुणा वर येतात. मनीऑर्डरचं कूपन सापडलं तर देवासारखं जपा. पैशांबरोबर पाठवलेल्या त्या दोन ओळींतच "आता अमक्या ठिकाणी कामाला लागलो" असं असतं. हे काम मिरगाच्या आधी उरका. आपल्याकडची पावसाळी हवा आणि वाळवी यांनी जेवढी पत्रं खाल्लीत तेवढी कुठल्याही लढाईनं खाल्ली नसतील. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. कोरड्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा.

मौनाची तारीख लावा

ही पायरी कुणी सांगत नाही आणि माझ्या मते हीच सगळ्यांत मोठी आहे.

माझ्या आजीचा थोरला भाऊ १९४५ च्या सुमारास कराचीला गोदीत गेला. फाळणीनंतरही तिकडेच राहिला. तिकडे मराठी वस्ती होती, आजही आहे, गणपती बसवतात. त्याचं शेवटचं पत्र १९७१ च्या दिवाळीचं. त्यानंतर काही नाही. आजीनं सेहेचाळीस वर्षं मनात एकच धरलं होतं: "त्याला आमची गरज नाय ऱ्हायली." भाऊबीजेला त्याचं नाव निघालं की उठून आत जायची.

मी एका दुपारी वहीत तारखा मांडल्या. ३ डिसेंबर १९७१ ला लढाई सुरू झाली. दोन्ही देशांनी वकिलाती बंद केल्या, त्या १९७६ पर्यंत बंदच होत्या. टपाल आणि तार-टेलिफोन पुन्हा सुरू झाले ते १९७४ च्या करारानंतर. म्हणजे दिवाळीच्या पत्राला आजीनं लिहिलेलं उत्तर बहुधा वाटेतच अडकलं. पुढे टपाल उघडेपर्यंत आजोबांची बदली होऊन आमचा पत्ता बदलला होता, आणि नंतर कळलं की त्यानंही खोली बदलली होती. दोघंही जुन्या पत्त्यावर लिहीत राहिली. आजीला मी वही वाचून दाखवली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतः बिस्किटाचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला.

तेव्हा राग धरण्याआधी, किंवा घरातल्या कुणाचा राग काढण्याआधी, शेवटच्या पत्राची तारीख या तारखांशेजारी ठेवून बघा.

ब्रह्मदेश, मलाया, सिंगापूर: डिसेंबर १९४१ पासून १९४५. रंगूनवर पहिले बॉम्ब २३ डिसेंबर १९४१ ला पडले, ८ मार्च १९४२ ला शहर जपान्यांच्या हाती गेलं, आणि लाखो हिंदी माणसं डोंगरजंगलातून चालत आसाम-चितगावकडे निघाली. वाटेत किती गेली त्याची धड नोंद नाही. तिथे मागे राहिलेल्यांना १९६२ च्या लष्करी सत्तेनंतर पुन्हा उठवलं गेलं, म्हणून ब्रह्मदेशाच्या बाबतीत मौन दोनदा येतं.

कराची आणि पाकिस्तान: १९४७, सप्टेंबर १९६५, डिसेंबर १९७१. मुंबई-कराची प्रवासी बोट पासष्टच्या लढाईत थांबली.

गोवा: सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ले भागातल्यांनी १९५५ ते डिसेंबर १९६१ हा नाकेबंदीचा काळ बघावा. नदीपलीकडची सोयरीक तेवढी वर्षं परदेशात होती.

कुवेत: ऑगस्ट १९९० ते फेब्रुवारी १९९१. तेव्हा अम्मानहून विमानांनी पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय परत आणले गेले. पण जो परत आला तो नेहमी आपल्या गावीच आला असं नाही. सगळं गमावून आल्याच्या लाजेपोटी माणसं मुंबईतच कुठे कुठे राहिली.

शेवटची तारीख अशा एखाद्या खिडकीत पडली तर समजा की दार तुमच्या माणसानं लावलं नव्हतं.

गावातले कागद

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत जनरल रजिस्टर असतं. शंभर वर्षांपूर्वीची रजिस्टरंही कित्येक शाळांनी सांभाळलीत. त्यात पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख मिळते. मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या. तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात जमिनीचे जुने फेरफार बघा. वारस नोंदीत "बेपत्ता", "परागंदा" किंवा चक्क "मयत" असं त्या माणसापुढे लिहिलेलं सापडतं आणि ते कुणाच्या जबाबावरून लिहिलं तेही सापडतं. मुसलमान घरांत जमातीचं निकाहाचं रजिस्टर बघा, त्यात साक्षीदारांची नावं असतात, आणि साक्षीदारांच्या घरी पुढची माहिती असते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या नामावळीत आपल्या घराण्याचं पान काढून बघायला हरकत नाही. मुंबईत गावाची खोली असेल तर तिथल्या मंडळाच्या वर्गणीच्या वह्या विसरू नका. बोटीवर चढलेला बहुतेक प्रत्येकजण आधी त्या खोलीत वळकटी टाकून राहिलेला असतो.

एक गोष्ट पाठ करा. १९८१ पर्यंत सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, बहुतेक सगळं रत्नागिरीतच होतं, आणि रायगडाचं नाव कुलाबा होतं. पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात होतं. परदेशी नोंदीत मालवणचा माणूस रत्नागिरीत आणि महाडचा माणूस कुलाब्यात शोधावा लागतो. नव्या जिल्ह्याच्या नावानं शोधून "काहीच नाही" म्हणणारे रोज भेटतात.

कुठलं दार ठोठवायचं

माणूस पलटणीत होता आणि दोन महायुद्धांपैकी एकात गेला असावा असं वाटत असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाइट उघडा. शोध फुकट आहे. आपल्या सैनिकांच्या नोंदीत बऱ्याचदा बापाचं नाव, गाव आणि तालुका इंग्रजीत दिलेला असतो. नावाच्या स्पेलिंगमागे न लागता "अधिक माहिती"च्या रकान्यात रत्नागिरी किंवा तालुक्याचं नाव घालून शोधा. खेडचे, चिपळूणचे, मंडणगडचे लोक असे एकेक करून समोर येतात. ज्यांचं थडगं नाही त्यांची नावं स्मारकांवर आहेत. म्यानमारमध्ये टॉकियान इथल्या रंगून स्मारकावर सत्तावीस हजारांच्या आसपास नावं आहेत, सिंगापूरला क्रांजीच्या स्मारकावर चोवीस हजारांवर. माणूस बोटीवर खलाशी असेल तर मुंबईतल्या मस्जिद बंदरच्या खलाशीगृहातल्या स्मारकाची नोंद बघा, तीही याच वेबसाइटवर सापडते.

फौजेचे कागद हवे असतील तर आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथली माणसं रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला कसं लिहायचं ते सांगतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. पहिल्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांची कार्डं जिनिव्हाच्या रेड क्रॉसनं इंटरनेटवर खुली केली आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्यांसाठी त्यांच्या अभिलेखागाराकडे अर्ज करावा लागतो आणि ते ठरावीक वेळी ठरावीकच अर्ज घेतात.

भारतीय नागरिक अलीकडच्या काळात परदेशात हरवला असेल तर परराष्ट्र मंत्रालयाचं "मदद" पोर्टल आहे. आणि डहाणू-पालघरकडच्या मच्छीमार घरांनी एवढं लक्षात ठेवावं, की भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैदेतल्या मच्छीमारांच्या याद्या देतात. २००८ च्या करारानं हे ठरलंय. त्या दोन तारखांना विचारणा करा.

बाकी सगळ्यांसाठी, म्हणजे जिवंत असण्याची आशा आहे आणि पत्ता नाही अशांसाठी, दार एकच: रेड क्रॉस.

रेड क्रॉसचा अर्ज

युद्धात हरवलेल्यांचा शोध घेणारी रेड क्रॉसची यंत्रणा १८७० पासून चालू आहे. आपल्याकडे इंडियन रेड क्रॉस सोसायटीमार्फत हे काम होतं. मुख्यालय दिल्लीला, राज्याची शाखा मुंबईत फोर्टात टाऊन हॉलच्या आवारात. "फॅमिली लिंक्स" नावाची त्यांची वेबसाइटही आहे. पैसे लागत नाहीत. कुणी "रेड क्रॉसची फी" म्हणून पैसे मागितले तर तो माणूस रेड क्रॉसचा नाही.

दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांची गल्लत करू नका. पत्ता ठाऊक आहे पण टपाल पोचत नाही, तेव्हा "रेड क्रॉस संदेश" धाडतात. तो उघडा असतो, वाटेत वाचला जातो आणि त्यात फक्त घरची खुशाली लिहायची असते. राजकारण, सैन्य, बंदर, पोलीस यांचा एक शब्दही नको. पत्ताच ठाऊक नाही, तेव्हा "शोध विनंती" करतात. ती घरच्याच माणसानं करायची असते. तुम्ही पुतण्याच्या मुलाचे मित्र असाल तर सही घरच्या कुणाची तरी घ्या.

अर्जात एक रकाना असतो: संपर्क कसा तुटला. नव्वद टक्के लोक "युद्धामुळे" एवढं लिहून मोकळे होतात. माझ्या दुकानात मी असा अर्ज पुढे जाऊ देत नाही. शोधणारा स्वयंसेवक दुसऱ्या देशातल्या एखाद्या मोहल्ल्यात पायी फिरणार असतो. त्याच्या हातात काय द्यायचं त्याचा विचार करा. आमच्या अर्जात मी लिहिलं होतं ते साधारण असं: शेवटचं पत्र १९७१ च्या दिवाळीचं, गोदीजवळच्या खोलीतून, त्या पत्रात शेजारच्या खोलीतल्या एका गुजराती मिस्त्रीचा उल्लेख, बायकोचं नाव, थोरली मुलगी तेव्हा पाचवीत, डावा पाय अधू, लंगडत चालतो, गावचं आणि वाडीचं नाव, वस्तीतल्या गणपतीत तबला वाजवायचा. त्या मिस्त्रीवरून काही हाती लागलं नाही. तबल्यावरून लागलं.

सापडलेल्या माणसाची परवानगी असल्याशिवाय रेड क्रॉस त्याचा पत्ता तुम्हाला देत नाही. "सापडलंय पण बोलायचं नाही" असंही उत्तर येऊ शकतं. ते आलं तर भांडू नका. तुमचा पत्ता आणि फोन त्यांच्याकडे ठेवा. आम्हाला अकरा महिने लागले आणि ते लवकर होतं. दोन-तीन वर्षं लागलेली घरं आहेत. अर्जाचा क्रमांक कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी विचारणा करा, आठवड्याला नको.

पाकिस्तानच्या बाबतीत सध्याची गोष्ट सांगणं भाग आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये व्हिसा आणि अटारीची वाट बंद झाली, मे महिन्यात तिकडून येणारं टपाल आणि पार्सल भारतानं थांबवलं. पत्र टाकण्याआधी पोस्टात विचारून घ्या. घरात कुणी सरकारी नोकरीत, विशेषतः पोलिसात किंवा संरक्षण खात्यात असेल तर परदेशी संपर्काबद्दल खात्याचा नियम काय आहे ते आधी विचारा आणि केलेल्या प्रत्येक अर्जाची प्रत फाइलला लावा.

पहिलं पत्र

पहिल्या पत्रात काहीही मागू नका. का लिहिलं नाहीस, हा प्रश्नही नको. आपण कोण, मागचं कोण हयात आहे, त्यांचं शेवटचं पत्र आपल्याकडे आहे, आणि मधल्या काळात पत्रं पोचली नाहीत, एवढं. मी लिहिलेलं पत्र देतो, हवं तसं बदलून घ्या:

"ती. मामाआजोबांस सा. नमस्कार. मी तुमच्या धाकट्या बहिणीच्या मुलाचा मुलगा. आजी बरी आहे. ८७ वर्षांची झाली, हिंडते-फिरते, डोळ्यांनी कमी दिसतं. तुमचं दिवाळी १९७१ चं पत्र तिनं जपून ठेवलं आहे. त्यानंतर तिनं धाडलेली पत्रं तुम्हाला मिळाली नसावीत. तुम्ही धाडलेली आम्हाला मिळाली नाहीत. घर अजून वाडीतच आहे. तुम्ही कसे आहात आणि घरात कोण कोण आहे एवढं कळवलंत तरी आजीला बरं वाटेल."

पुढच्या पिढीला देवनागरी येत असेलच असं नाही. कराचीसाठी सोबत उर्दू प्रत जोडा. आपल्या जिल्ह्यात उर्दू शाळा भरपूर आहेत, तिथले गुरुजी आनंदानं लिहून देतात. सोबत दोन फोटो: एक जुना, ज्यात तो माणूस स्वतः आहे, आणि एक आजचा, घराच्या पायरीवर बसलेल्या सगळ्यांचा.

जमिनीचा विषय मात्र पत्रात, फोनवर, कुठेच नको. कोकणात गेलेलं माणूस परत बोलायला लागलं की भावकीला पहिली धास्ती हिश्शाची वाटते, आणि त्या धास्तीपोटी घरातलाच कुणीतरी शोध थांबवायला बघतो. हे मी तीन घरांत पाहिलं. भावकीला आधी बसवून सांगा की आपण माणूस शोधतोय. कायद्याची बाजू हवी तर वकिलाकडे स्वतंत्र जा. पाकिस्तानचं नागरिकत्व घेतलेल्याच्या मालमत्तेला १९६८ चा शत्रू संपत्ती कायदा लागू होतो, २०१७ मध्ये तो आणखी कडक झाला, आणि इथले भारतीय वारसही त्यात अडकू शकतात. सात वर्षं ठावठिकाणा नसलेल्या माणसाबद्दल साक्षीच्या कायद्यात वेगळी तरतूद आहे. दोन्हींत चहाच्या टपरीवरचा सल्ला घेऊ नका.

गावभर हाक द्यायची असेल तर

दक्षिण कोरियात १९८३ साली टीव्हीवर साडेचार महिने कार्यक्रम चालला होता. युद्धात ताटातूट झालेली माणसं हातात पाट्या धरून उभी राहायची. दहा हजारांवर कुटुंबं भेटली. पाटीवर नावापेक्षा गाव, कुठल्या रस्त्यावर हात सुटला, अंगावर कुठे डाग आहे, हे मोठ्या अक्षरांत असे. लहानपणी हरवलेल्याला स्वतःचं खरं नावही ठाऊक नसतं. आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर फिरवायची पोस्ट तशीच लिहा. आणि तिच्यात एक खूण मुद्दाम लिहू नका, ती स्वतःजवळ ठेवा. ती पुढे कामाला येते.

अनोळखी परदेशी नंबरवरून फसवणारे खूप आहेत. तुमचीच पोस्ट वाचून तुम्हालाच ती ऐकवतात, रडतात, मग कस्टममध्ये अडकलेल्या सामानासाठी पैसे मागतात. राखून ठेवलेली खूण विचारा. अर्धी तुम्ही सांगा, उरलेली त्यांना सांगू द्या.

हे मला आजीनं शिकवलं. उत्तर आलं ते मामाआजोबांच्या मुलीचं. ते स्वतः २००३ मध्ये गेले होते. फोन करायचा ठरला तेव्हा आमच्या वाडीत रेंज नव्हती म्हणून आजीला रिक्षात घालून वर सड्यावर नेलं. वारा इतका की पदर सावरता येईना. मी फोन तिच्या कानाला धरला. पलीकडून "आत्या" अशी हाक आली. आम्ही सगळे रडायच्या बेतात, आणि आजी मात्र कडक आवाजात म्हणाली, "तुजा बापूस लंगडायचा. कशानं गो?"

पलीकडे क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "फणसावरून पडले होते. तुम्ही खाली टोपली धरून उभ्या होता, असं सांगायचे."

टोपलीचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आजी कातळावर खाली बसली.

पहिला फोन लांबवू नका. पंधरा मिनिटं पुरेत. म्हातारं माणूस दमतं, रात्रभर झोपत नाही. दुसऱ्या फोनची वेळ तिथेच ठरवा. बोलणं अडलं तर घरांची नावं घ्या, खालच्या आळीपासून वर एकेक. माणूस गेलं तेव्हाची वाडी त्याच्या डोक्यात तशीच उभी असते.

बातमी मृत्यूची असेल तर

बहुतेक वेळा ती तशीच असते, इतकी वर्षं झालेली असतात. घरातल्या सगळ्यांत जवळच्या माणसाला आधी सांगा, समोर बसून, गर्दी नसताना. फोनवर नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नाही. एका घरात बेपत्ता नवऱ्याच्या बायकोनं साठ वर्षं कुंकू लावलं होतं आणि नातवानं तिच्यादेखत पुतण्याला मोठ्यानं मेसेज वाचून दाखवला. असं करू नका. कुंकू ठेवायचं की पुसायचं ते तिचं तिला ठरवू द्या.

तिथी कळली नाही तर सर्वपित्री अमावास्येला पान वाढतात. मुसलमान घरांत जमातीला सांगून दुआ करतात. कबर किंवा स्मारक सापडलं असेल तर तिथल्या कुणाला तरी फोटो पाठवायला सांगा, त्याची मोठी प्रत काढून द्या. आमच्या आजीनं तिकडून आलेल्या फोटोपुढे त्या वर्षी भाऊबीजेला ओवाळलं. कुणी काही म्हटलं नाही.

संपर्क झाल्यावर लगेच करायचं काम

मोबाइल हरवतो, सिम बंद होतं, आणि वाट पुन्हा कधी बंद होईल सांगता येत नाही. त्यांचा पूर्ण पत्ता कागदावर लिहून घ्या, त्यांच्या लिपीत, इंग्रजीत आणि देवनागरीत. शेजारच्या दुकानाचं किंवा मशिदी-देवळाचं नाव खाली लिहा. त्यांच्याकडच्या दोन तरुण मुलांचे नंबर घ्या, तुमच्याकडच्या दोघांचे द्या. तिसऱ्या देशात दोन्हीकडच्या ओळखीचं कुणी असेल, दुबईत म्हणा, लंडनला म्हणा, तर त्याचाही. आमच्याकडे हा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, एक प्रत चुलत्यांकडे मुंबईला आहे आणि एक आजीच्या बिस्किटाच्या डब्यात, एकाहत्तरच्या पत्राच्या वर.